अकरा पानं

शनिवार, १ एप्रिल २००६, पहाटे ५.४०

निपाणी. दुकानाचं शटर अर्धं वर आहे. गुरुजी बाहेर पायरीवर बसलेत. सव्वासहाच्या गाडीनं सीडी कोल्हापूरच्या छापखान्यात जायची आहे. पुस्तक १७६ पानांचं ठरलं होतं. सीडीवर १६५ पानं आहेत. उरलेली अकरा आता कुठंच नाहीत. बेचाळीस तासांपूर्वी ती डिस्कवर होती आणि पेन ड्राइव्हवरही होती.

तेव्हा मी घड्याळाकडं बघत नव्हते. पुढच्या वेळा बिलबुक, मोबाइलमधली कॉलची यादी, फाइलींवर पडलेल्या तारखा आणि गुरुजींची डायरी यांवरून मागाहून जुळवल्या आहेत.

गुरुवार, ३० मार्च, सकाळी ११.१०

गुढीपाडवा. घरची गुढी उभारून, कडुलिंबाचं पान चावून दुकान उघडलं. मुहूर्तावर मशीनला काहीतरी नवं बसवायचं म्हणून आदल्या दिवशी बेळगावातून रॅमची पट्टी आणली होती. २५६ एमबी, वापरलेली, ६५० रुपये. नेहमीच्या हार्डवेअरवाल्याकडून न घेता दुसरीकडून घेतली, कारण तिथं पाचशे रुपये वाचले.

कॅबिनेटचं झाकण काढलं. पट्टी हिरवी, तिच्यावर आठ काळ्या चिपा, तळाला सोनेरी दात. दोन्ही टोकांचे पांढरे चिमटे उघडून पट्टी आत दाबली. चिमटे टक् करून बसले. मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर मेमरीचा आकडा पळत गेला आणि ५,२४,२८८ वर थांबला. दोन्ही पट्ट्या मिळून ५१२ एमबी भरल्या.

मशीननं मोजून घेतलं, म्हणजे तपासून घेतलं, असं मी धरून चालले. ती मोजणी वरवरची असते. पट्टी किती मोठी आहे एवढं ती सांगते. तिच्यातला प्रत्येक कप्पा ठेवलेलं जसंच्या तसं परत देतो की नाही, हे सांगत नाही.

फोटो असलेलं पान उलटायला पेजमेकरला आधी चौदा सेकंद लागायची. आता चार लागली. मला फार बरं वाटलं.

दुपारी १.१५

प्रूफ काढायला घेतलं. पुस्तक गुरुजींचं. १४ मार्च १९८१ ला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी निपाणीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग अडवला. गावंच्या गावं रस्त्यावर येऊन राहिली, तिथंच चुली पेटल्या. ६ एप्रिलला पोलिसांनी तळ उठवला. गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. गुरुजी तेव्हा शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर ते वही घेऊन फिरले: अक्कोळ, जत्राट, बेनाडी, कुर्ली, सौंदलगा. तळावर राहिलेल्या माणसांनी जे सांगितलं ते त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं. तेरा प्रकरणं झाली. पंचवीस वर्षं पुरी होत होती, म्हणून ६ एप्रिलला त्यांच्या घरच्या सोप्यातच पुस्तक हाती द्यायचं ठरलं. छपाई-बांधणीला पाच दिवस हवेत, फाइल शनिवारी सकाळी पोचली पाहिजे, असं छापखान्यानं बजावलं होतं.

चौदावं प्रकरण वहीत नव्हतं. ते एका आजीचं. गुरुजी तिच्या दारात वर्षभर जात होते आणि ती वर्षभर नको म्हणत होती. १८ मार्चला, शनिवारी दुपारी, ती आपणहून दुकानात आली. झेरॉक्सच्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. “मी सांगतो, तू लिव्ह,” म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, सांगतो, जातो, करतो. ती बोलेल तसं मी टाइप करत गेले. रविवारी परत आली. सहा तारखेच्या सकाळी चुलीवर काय होतं इथून तिनं सुरुवात केली आणि अंधार पडेपर्यंतचं सांगितलं. पंचवीस वर्षांत घरातही बोलली नव्हती. त्याची अकरा पानं झाली.

पान १ ते १६५ छापून झाल्यावर अक्षर फिकट यायला लागलं. टोनर संपत आला होता. सणाचा दिवस, नवा आणायचा तर कोल्हापूर किंवा बेळगाव. शेवटची अकरा पानं गुरुजींनी पडद्यावर वाचली होती. ती छापली नाहीत.

दुपारी ४.४०

गुरुजी लाल पेन घेऊन प्रूफ वाचत होते. ९८ व्या पानावर थांबले.

“पोरी, ही तारीख चुकली.”

मथळ्यात ‘६ एप्रिल’ पाहिजे होतं. ‘४ एप्रिल’ आलं होतं.

मी म्हटलं, “हात घसरला असेल, गुरुजी.”

त्यांनी चाराभोवती गोल काढला. “बाकी काहीही चुकू दे. ही चुकून चालायची नाही.”

कीबोर्डवर चार आणि सहा शेजारी नाहीत, मध्ये पाच आहे. आणि हेच पान मी १२ मार्चलाही छापलं होतं. ते प्रूफ खणात पडलेलं होतं. काढून बघितलं असतं तर तिथं सहा दिसला असता. त्यानंतर त्या पानाला कुणी हात लावलेला नव्हता. खण उघडायला हात लांब करावा लागला असता, एवढंच.

तारखा मी इंग्रजी आकड्यांत टाकल्या होत्या. मशीनच्या आत इंग्रजी सहा म्हणजे आठ खुणांची ओळ: ००११०११०. चार म्हणजे ००११०१००. दोहोंत फरक एका खुणेचा. एक कप्पा ‘१’ धरून ठेवेनासा झाला की सहाचा चार होतो.

असं एकदा फार मोठ्या जागी झालं होतं. ३ जून १९८० च्या पहाटे अमेरिकेच्या हवाई दलाच्या पडद्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रं येताना दिसली. आधी दोन, मग शेकड्यांनी. बॉम्बफेकी विमानांची इंजिनं सुरू झाली. मागाहून दोष सापडला तो निरोप पोचवणाऱ्या यंत्रातल्या ४६ सेंटच्या एका चिपमध्ये: जिथं शून्य असायचं तिथं अधूनमधून दोन पडत होता. तिथल्या माणसांना आकडे एकमेकांशी जुळेनात, म्हणून त्यांनी रडार आणि उपग्रहांकडून खात्री करून घेतली. मी चाराचा सहा करायचं टिपून घेतलं आणि पुढचं पान उलटलं.

संध्याकाळी ६.०५

निळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. मशीन बंद करून चालू केलं, नीट सुरू झालं. चाळीस सेकंद गेली. ते शब्द मी बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. पट्टी बसवून सात तास झाले होते.

रात्री ९.२०

घरी जाण्याआधी जपणूक. काम ‘डी’मध्ये होतं. ते सगळं ‘ई’मध्ये उतरवलं. दोन्ही एकाच डिस्कचे भाग. मग पेन ड्राइव्ह. तो १२८ एमबीचा. त्यात २७ मार्चची झिप होती, ७१ एमबी, आजीची अकरा पानं धरून. नवी झिप ७४ एमबीची. दोन्ही मावत नव्हत्या. जुनी पुसली, नवी चढवली. झिप शाबूत आहे का तपासायचं बटण त्याच खिडकीत होतं. ते दाबलं नाही. घरी पुरणपोळीचा स्वयंपाक थांबला होता.

जुनी झिप तीन दिवसांआधीची होती, म्हणजे नवी पट्टी बसायच्या आधीची. ती पुसल्यावर या पुस्तकाची प्रत्येक ताजी नक्कल त्या पट्टीतून गेलेली उरली. या सगळ्यात मी स्वतःला सर्वांत जास्त दोष देते तो या एका कृतीबद्दल.

शुक्रवार, ३१ मार्च, सकाळी १०.००

आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. उघडायच्या आधीच दारात सात माणसं. पतसंस्थेची पत्रकं, दूध संस्थेची यादी, उताऱ्यांच्या झेरॉक्स. दुपारपर्यंत पुस्तकाची फाइल उघडलीच नाही. हलक्या कामांत मशीन गप्प चाललं. पट्टीतल्या त्या जागेपर्यंत कामाची वेळच आली नसेल.

दुपारी १२.३५

पुस्तक उघडलं. सहाव्या मिनिटाला निळा पडदा. या वेळी शब्द वेगळे: ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. कालच्या शब्दांखाली तेही लिहिले. दोन्ही जवळजवळ होते, एका नजरेत दिसत होते.

मला वाटलं दोन बिघाड आहेत. आता कळतं ते असं: एखादा प्रोग्रॅम किंवा एखादा सुटा भाग बिघडला की तो बहुधा त्याच जागी, त्याच नावानं तक्रार करतो. मेमरीतला कप्पा बिघडला की त्या घडीला तिथं जो मुक्कामाला असेल तो पडतो. आज हा, उद्या तो. नाव दर वेळी नवं येतं, आणि ते तसं येणं हीच त्याची खूण.

दुपारी १.१०

नेहमीच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला. तो चिकोडीत एका संस्थेत वर्षअखेरीच्या कामात अडकलेला. मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

“ताई, नवीन काय बसवलायसा काय?”

मी म्हटलं, “न्हाई.”

“मग व्हायरस असंल. स्कॅन मारा. न्हाईच झालं तर उद्या येऊन फॉरमॅट करूया.”

कॉल ४६ सेकंदांचा. त्यानं बरोबर तोच प्रश्न विचारला होता आणि पहिलाच विचारला होता. पट्टी दुसरीकडून घेतली हे त्याला सांगायची लाज वाटली. पाचशे रुपयांची गोष्ट. शिवाय रॅम म्हणजे बसवलं की झालं, तिच्यात बिघडण्यासारखं काय असतं, असंही वाटत होतं. मी हो म्हटलं असतं तर, “ती काढून बघा आधी,” एवढंच तो म्हणाला असता. चिमटे उघडायला दहा सेकंद लागतात.

दुपारी १.३०

व्हायरस स्कॅन सुरू. २.५० ला लाइट गेली. यूपीएस बारा मिनिटं तगला. ३.३५ ला लाइट आली, स्कॅन पहिल्यापासून. पत्र्याखालचं दुकान, मार्चअखेरचं ऊन. कॅबिनेटला हात लावला तर चटका बसत होता. टेबलफॅन माझ्याकडून वळवून मशीनकडं केला. ४.५५ ला निकाल आला: व्हायरस शून्य.

संध्याकाळी ५.२०

सातवं प्रकरण उघडेना. पेजमेकर म्हणालं, ‘बॅड रेकॉर्ड इंडेक्स’. ‘ई’मधली नक्कल आणून तिच्यावर ठेवली. उघडली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि बाकीच्या तेरा नकला उघडून पाहिल्या नाहीत.

संध्याकाळी ७.४५

गुरुजी डबा घेऊन आले. आम्ही दोघं एका पडद्यापुढं. त्यांनी प्रूफवर ४३ ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या. एकेक खूण ते वाचणार, मी सुधारणार. ९८ वं पान आलं तेव्हा चार काढून सहा टाकला. त्यांनी चष्मा सारून दोनदा बघितला.

रात्री ८.३०

चौदावं प्रकरण. लाल खूण एकही नाही, कारण कागदच नव्हता. गुरुजींनी पडद्यावर अकराही पानं परत वाचली, ओठ हलवत. वाचून झाल्यावर काही बोलले नाहीत. पाणी प्यायले. मग विचारलं, “एवढं तरी छापून ठेवूया का, फिकट आलं तरी?”

“उद्या टोनर आणते, गुरुजी. फिकट कशाला?”

प्रिंटर टेबलावरच होता. अकरा पानं फिकट का होईना, तीन मिनिटांत निघाली असती.

रात्री ९.१०

शेवटची दुरुस्ती. सेव्ह केलं. गुरुजींना म्हटलं, तुम्ही जा, मी सीडी करून ठेवते, पहाटे या. ते गेले.

रात्री १०.५०

फोटो जोडणं, फॉन्ट गोळा करणं, छापखान्यासाठी सूचनांचं पान. मशीन आता जड काम करत होतं. दोन्ही पट्ट्या भरत होत्या.

रात्री ११.२५

सीडी लिहायला लावली. ६२ टक्क्यांवर निळा पडदा. तिसरे वेगळे शब्द: ‘पीएफएन लिस्ट करप्ट’. बिलबुकावर आता तीन ओळी झाल्या. ही तिसरी ओळ मेमरीच्या हिशोबाबद्दलच बोलते. पीएफएन लिस्ट म्हणजे मेमरीच्या कुठल्या पानावर काय ठेवलंय याची वही. मला ते इंग्रजी अक्षरांचं आणखी एक गाठोडं वाटलं.

रात्री ११.३१

मशीन परत चालू. निळ्या पार्श्वभूमीवर सूचना आली: ‘डी’ची तपासणी करायला हवी. नको असेल तर दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबा.

दहा. नऊ. आठ.

तपासणी ही चांगलीच गोष्ट, असं मला वाटत होतं. तीनदा पडलंय, एकदा दुरुस्त होऊन जाऊ दे.

सात. सहा. पाच. चार.

या क्षणी ‘डी’वर आजीचं प्रकरण शाबूत होतं, असं मी धरून चालते. तीन तासांपूर्वी गुरुजींनी ते वाचलं होतं. त्यानंतर त्या फाइलीत एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

तीन. दोन. एक. मी मांडीवर हात ठेवून बसले होते.

रात्री ११.३२

तपासणारा प्रोग्रॅम डिस्कची यादी मेमरीत वाचून घेतो, ती आपापसांत जुळते का बघतो आणि जे जुळत नाही ते दुरुस्त करून परत डिस्कवर लिहितो. डिस्क चांगली होती. यादी ज्या पट्टीत वाचली जात होती ती खोटी होती. नसलेल्या चुका त्याला दिसल्या आणि त्यानं त्या दुरुस्त केल्या.

पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. नोंद काढून टाकत आहे. नोंद काढून टाकत आहे. निराधार फाइल सापडली. फाइलींची नावं इंग्रजीत होती, मी दिलेलीच. प्रकरण ३ गेलं. प्रकरण ९. फोटोंचं फोल्डर. प्रकरण १४.

मी तोपर्यंत सीडीच्या कव्हरवर पुस्तकाचं नाव लिहीत होते. मान वर केली तेव्हा ओळी बऱ्याच पुढं गेल्या होत्या. बटण दाबून बंद करावं की नको, कळेना. मध्येच बंद केलं तर डिस्क बिघडते, हे ऐकलेलं होतं. नाही केलं.

शनिवार, १ एप्रिल, रात्री १२.२२

तपासणी संपली. ‘डी’ उघडलं. पुस्तकाचं फोल्डर नाही. त्याच्या जागी ‘फाउंड’ नावाचं फोल्डर, त्यात २९ फाइली, सगळ्यांना नावाऐवजी नंबर. एकेक पेजमेकरमध्ये ओढून बघितली. एकही उघडली नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर चौकोन, टिंबं आणि मध्येच आमच्या फॉन्टची सुटी अक्षरं.

रात्री १२.३६

‘ई’ उघडलं. तेरा प्रकरणांपैकी आठ उघडली. चौदावं: ‘बॅड रेकॉर्ड इंडेक्स’. गुरुवारी रात्री नक्कल करताना ते त्याच पट्टीतून गेलं होतं.

रात्री १२.५०

शेजारचा सायबर कॅफेवाला पोरगा दुकानातच झोपायचा. त्याचं शटर वाजवलं. त्यानं डोळे चोळत मशीन चालू केलं. पेन ड्राइव्ह लावला. झिप दिसत होती, ७४ एमबी. दोनदा टिचकी मारली. पडद्यावरची पट्टी हिरवी होत गेली आणि थांबली: ‘सीआरसी फेल्ड’.

“सीआरसी म्हणजे?” मी विचारलं.

“ताई, आत ठेवताना मोजलेली बेरीज आणि आता काढताना येणारी बेरीज जुळंना.”

त्यानं तीनदा करून बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “झिप करतानाच बिघडलीय ही.”

रात्री १.२०

हिशोब केला. १२ मार्चला मी एक सीडी केली होती. पहिली तेरा प्रकरणं तिच्यात होती, बिनदुरुस्तीची. टेबलावर गुरुजींच्या लाल खुणांचं प्रूफ होतं. १२ तारखेनंतर केलेल्या बारीक दुरुस्त्याही त्या छापील पानांवर दिसत होत्या. म्हणजे १६५ पानं परत उभी करता येत होती. आजी १८ तारखेला आली होती.

कॅफेच्या मशीनवर पेजमेकर टाकलं. तो पोरगा पान वाचत गेला, मी टाइप करत गेले. दोन वेळा त्यानं चहा केला. ९८ व्या पानावर जुन्या सीडीत सहाच होता.

पहाटे ५.२५

गुरुजी आले. मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

मी म्हटलं, “मला बरंचसं आठवतंय. आत्ता बसून लिहून काढते. छापखान्याला दुपारी पाठवू.”

“तुला काय घडलं ते आठवतंय,” गुरुजी म्हणाले. “ती कसं बोलली ते येईल काय तुला?”

मी तोंडातल्या तोंडात पहिलं वाक्य म्हणून बघितलं. चुलीवर काय होतं ते आलं. तिनं ते कुठल्या शब्दांनी सांगितलं होतं ते आलं नाही.

“मग नको,” म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

सकाळी ६.१५

सीडी गेली. १६५ पानं. अनुक्रमणिकेतली चौदावी ओळ मी ५.५५ ला काढली होती.

रविवार, २ एप्रिल, सकाळी ११.००

कॅफेवाला पोरगा बेळगावात इंजिनिअरिंगला असलेल्या मित्राकडून एक सीडी घेऊन आला. तिच्यात मेमटेस्ट. ख्रिस ब्रॅडी नावाच्या माणसानं १९९४ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम विंडोज सुरू होऊच देत नाही. मेमरीच्या एकेका कप्प्यात ठरावीक खुणा ठेवतो, परत वाचतो, जुळतात का बघतो. फुकट मिळतो.

२५६ एमबीच्या पट्टीत २१४ कोटींहून जास्त कप्पे असतात. प्रत्येक म्हणजे विजेचा एक थेंब धरणारी वाटी, आणि वाटी गळकी. म्हणून सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्याच्या आत सगळ्या वाट्या वाचून पुन्हा भरत राहावं लागतं. एक वाटी नेहमीपेक्षा लवकर गळायला लागली की भरायच्या आधीच रिकामी होते. उकाड्यात गळती वाढते.

मोठ्या सर्व्हरच्या पट्टीवर यासाठी जास्तीची चिप असते. दर ६४ खुणांमागं आठ राखणीच्या. एक खूण पलटली तर ती जागेवर दुरुस्त होते. घरगुती मशीनमध्ये तेवढा खर्च वाचवतात. हे मी मागाहून वाचलं आणि एका गोष्टीपाशी थांबले. आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला, निपाणीच्या त्या उन्हाळ्यानंतर चार महिन्यांनी. त्यात दर आठ मेमरी चिपांच्या ओळीला राखणीची नववी चिप होती. बेरीज जुळली नाही तर ते मशीन ‘पॅरिटी चेक’ असं लिहून जागच्या जागी थांबायचं. त्याला दुरुस्त करता येत नव्हतं, पण खोटं लिहून ठेवायच्या आधी ते थांबत होतं. माझ्या पट्टीवर चिपा आठच होत्या. मी गुरुवारी स्वतः मोजल्या होत्या.

सकाळी ११.११

पडद्यावर पहिली लाल ओळ. मग दुसरी, तिसरी, चाळिसावी. प्रत्येक ओळीच्या शेवटी चुकलेल्या खुणांचा रकाना होता आणि त्यात दर वेळी एकच आकडा: ०००००००२.

पोरानं कागदावर मांडून दाखवलं. दोन किमतीची एक खूण, फक्त तेवढीच, मरतेय. सहामधून दोन गेले की चार.

मी खणातून १२ मार्चचं प्रूफ काढलं. ९८ वं पान. सहा. शेजारी गुरुवारचं प्रूफ ठेवलं. चार, त्याभोवती लाल गोल.

१८ मे २००३ ला बेल्जियममध्ये स्खारबेक इथं मतदान झालं, तेव्हा एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. एकाला दोनानं बारा वेळा गुणलं की ४०९६ येतात, म्हणजे एकच खूण पलटलेली. पकडलं गेलं ते एवढ्यासाठी की तेवढी मतं मिळणं हिशोबानं शक्यच नव्हतं. आमचा आकडा अशक्य नव्हता. चार एप्रिल ही पण तारीख असते. ती सहाच पाहिजे हे माहीत असलेला माणूस समोर बसला होता आणि त्यानं सांगितलंही होतं.

सकाळी ११.४०

चिमटे उघडले. पट्टी काढली. सोनेरी दात स्वच्छ होते. खोडरबरानं घासून परत बसवून बघितली, आमच्याकडं सगळे तेच करतात. लाल ओळी तशाच आल्या. ती पट्टी काढून जुन्या एकटीवर टेस्ट लावली. संध्याकाळपर्यंत एकही ओळ आली नाही.

गुरुवार, ६ एप्रिल, सकाळी १०.००

गुरुजींच्या सोप्यात चाळीसेक माणसं. पुस्तकं आदल्या रात्री कोल्हापूरहून आली होती. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक प्रत दिली. आजी आली नव्हती.

रविवार, ९ एप्रिल, दुपारी ४.१०

गुरुजी आणि मी तिच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात बसली होती. मी सगळं सांगितलं. पट्टी, सीडी, झिप यातलं तिला काय कळलं असेल मला माहीत नाही. शेवटी मी म्हटलं, “आजी, परत एकदा सांगशील? या वेळी मी हातानं लिहून घेते. कागदावर.” वही मी बरोबर नेली होती, दोनशे पानी, कोरी.

तिनं वहीकडं बघितलं. मग गुरुजींकडं.

“एकदा सांगितलं की गं,” म्हणाली. “आता न्हाई.”

सून चहा घेऊन आली. आजीनं कप माझ्यापुढं सरकवला आणि डबीतली मिश्री तळहातावर घेतली. आम्ही पाच वाजेपर्यंत तिथं बसलो होतो. तिनं पावसाचं विचारलं, माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारलं. निघताना गुरुजींनी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उघडलं नाही, पदरानं पुसून कोनाड्यात ठेवलं.

सोमवार, १० एप्रिल, सकाळी १०.०५

दुकान उघडल्यावर हार्डवेअरवाल्याला फोन केला. त्याला म्हटलं, शुक्रवारी तुम्ही विचारलं होतं, नवीन काय बसवलंय का. बसवलं होतं.

तिकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “येतो मी, ताई.”